न्हाणीच्या पाण्यावरची पट्टेरी पात

‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात महाराष्ट्राबाहेरच्या शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडायच्या, मग सगळे पानच पिवळे व्हायचे, आणि या केवडा रोगापायी भेंडीचे उभे पीक हातचे जायचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तेव्हाच्या लोकप्रिय ‘पुसा सावनी’चा भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी संकर केला आणि या रोगाला दाद न देणारी भेंडी उभी केली. हे विद्यापीठ 18 मे 1972 रोजी, म्हणजे दुष्काळाच्या त्या वर्षीच स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. पानावरचा पिवळा रंग हटवण्यासाठी ज्या जिल्ह्याने इतके कष्ट घेतले, त्याच जिल्ह्यातल्या लोकांनी अंगणात मुद्दाम पिवळ्या-पांढऱ्या पातीची रोपे लावावीत, असे ही पुस्तिका सांगते. म्हणून प्रस्तावना जरा लांबवावी लागते आहे.

याच जिल्ह्यातल्या पोखर्णीच्या कुठल्याही शेतकऱ्याला पट्टेरी पातीचे रोप दाखवा. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: “याला काय फवारायचं?” हा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्वारीवर केवडा पडतो, सोयाबीन पिवळ्या मोझॅकने जाते, चुनखडीच्या रानात लोह मिळेनासे झाले की उसाची कोवळी पाने पांढुरकी पडतात. फिकट पान म्हणजे नुकसान हे इथे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत भरलेले आहे. म्हणून आधी फरक ओळखायला शिकायचे. रोगाचा पिवळेपणा हळूहळू पसरतो. त्याची कड पुसट असते, एक पान जास्त बिघडलेले तर एक कमी, आणि रोप खुजे राहते. लोहाची कमतरता असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका पडतो, तोही कोवळ्या पानांत आधी. उपजत पट्टा पोंग्यातून पात बाहेर येते त्याच दिवशी तिच्यावर असतो. त्याची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ दिसते. तो बुडापासून टोकापर्यंत सरळ जातो आणि रोप तजेलदार असते.

हा पट्टा येतो कुठून? कोंबाच्या टोकाशी ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांचे थर असतात. त्यांतल्या एखाद्या पेशीत हरितद्रव्य तयार करण्याची क्षमता हरवते, आणि तिच्यापासून पुढे जन्मणारा सगळा थर पांढरा किंवा पिवळसर निघतो. एकाच रोपात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदू लागतात. कर्दळीसारख्या रुंद पानावर त्यातून आडवे फटकारे उमटतात. वेखंड किंवा गवताची अरुंद पात मात्र बुडाकडून वाढत वर सरकते आणि तिच्या पेशी लांबीच्या दिशेने रांगेत लागतात, म्हणून तिथे रंगाची सरळ उभी रेघ उमटते. वाड्याच्या परसात उगवणारी आपली गुलबक्षी या शास्त्रात मानाचे स्थान राखून आहे. 1909 साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी ठिपकेदार पानांच्या गुलबक्षीवर प्रयोग करून दाखवले की परागकण कुठल्याही फांदीवरचे असोत, पांढऱ्या फांदीवरच्या बीपासून पांढरेच रोप येते आणि हिरव्या फांदीवरच्या बीपासून हिरवे. पानाच्या हिरवेपणाचा हा वारसा आईकडून उतरत होता. त्याच वर्षी एर्विन बाऊर यांनी जिरॅनियमवर काम करून थरांची गोष्ट उलगडली. बागकाम करणाऱ्याने यातून एवढे लक्षात ठेवले तरी पुरते: पट्टेरी रोप बी पेरून मिळेल याची खात्री नाही, ते गड्डा फोडूनच पुढे न्यावे लागते.

आता दुसरा आणि अधिक जड प्रश्न. तळ्याकाठची, ओलाव्याची झाडे पोखर्णीत कशाला? परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागणारे हे गाव नृसिंहाच्या जुन्या देवस्थानामुळे सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. रान काळ्या भारी जमिनीचे. पावसाळ्यात पाय रुतेल इतका चिखल आणि चैत्रात हात आत जाईल अशा भेगा. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस इथले कोणी विसरलेले नाही. अशा मुलखात बागेसाठी तळे बांधा म्हणणे मला उधळपट्टी वाटते. हौसेच्या तळ्यासाठी बोअरचे पाणी उपसावे असे या पुस्तिकेत कुठेही सुचवलेले नाही.

तरीही ओलाव्याच्या जागा इथे आहेत. शेततळी आहेतच. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून मराठवाड्यात ती गावोगाव झाली. पण त्यांतली पुष्कळशी प्लास्टिकच्या अस्तराची असतात. अशा तळ्याच्या काठाला माती नसते, पाण्याजवळ एक पात रुजत नाही, आणि मुळांनी अस्तराला धक्का लागावा असे कोणालाच वाटणार नाही. जुन्या बारवा आहेत. याच जिल्ह्यात वालूरची चक्राकार बारव आणि चारठाण्याची बारव पाहायला लांबून लोक येतात. त्यांच्या पायऱ्यांच्या सांध्यांत मात्र एकही रोप लावू नये, मुळे दगड सरकवतात. जायकवाडीचा डावा कालवा पैठणपासून 208 किलोमीटर येतो आणि परभणी जिल्ह्याला पाणी देतो. कॅनॉलच्या पाझराने चिबडलेले पट्टे, तिथे माजलेले पाणकणीस, हेही आपल्या ओळखीचे आहे. पण ज्या ओल्या जागेसाठी मी ही पाने लिहिली ती प्रत्येक घरामागे असते. न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडते ती. हापशाखालचा चिखल, भांडी घासायचा दगड, रांजणाखालची ओल, उन्हाळ्यात कूलरमधून ठिबकणारे पाणी, गावातल्या आरओ केंद्रातून वाया जाणारी धार. मराठवाड्यातली खरी पाणथळ बाग ही आहे. तिथे आपण आजवर फार तर अळू, केळ किंवा कर्दळ लावत आलो.

यावर आरोग्याचा आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. साचलेले सांडपाणी म्हणजे डास, आणि डास म्हणजे डेंग्यू. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे खोदून उघडी गटारे संपवली आणि ‘नांदेड पॅटर्न’ या नावाने तो मार्ग राज्यात गाजला. मी त्या मार्गाच्या बाजूने आहे. इथे सांगितलेली बाग शोषखड्ड्याला पर्याय म्हणून नाही, त्याच्या जोडीने करायची आहे. पाणी आधी खडी-विटांच्या तुकड्यांच्या खड्ड्यात पडावे, तिथे साबणाचा फेस आणि गाळ थांबावा, आणि मग ते वाफ्यातल्या वाळू-खडीच्या थराखालून सरकावे. पाण्याचा पृष्ठभाग उघडा दिसता कामा नये. मुळे पाण्यात, वर कोरडी खडी. डासाला अंडी घालायला जागाच उरत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत याच तत्त्वावर चालते. पाणकणीस, कर्दळ, लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पती यांच्या मुळांभोवती सूक्ष्मजीव वस्ती करतात आणि पाण्यातली घाण खातात. आपल्या घरामागचा वाफा तेवढे शास्त्रशुद्ध काम करील असा दावा मी करत नाही. पण डबके हटते, वास कमी होतो, आणि तिथे पाहावेसे काहीतरी उगवते. मोकळा हौद ठेवायचाच असेल तर त्यात गप्पी मासे हवेतच.

या जागेसाठी माझी पहिली निवड वेखंड आहे.

वेखंड आपल्या घराला नवीन नाही. बाळगुटीच्या सहाणेवर उगाळलेले, बाळाच्या अंघोळीनंतर अंगाला लावलेले, कपड्यांच्या पेटीत आणि पोथ्यांच्या बासनात कसर लागू नये म्हणून ठेवलेले. वाळलेला, गाठीगाठीचा, उग्र वासाचा तुकडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. ज्या रोपाचा तो तुकडा आहे ते उभे असताना मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. कंबरेपर्यंत येणाऱ्या तलवारीसारख्या पाती, पातीची मधली शीर जराशी एका बाजूला, आणि चुरगळली की संत्र्याच्या सालीची आठवण देणारा वास. कर्नाटकात तुमकूरकडे कोरटगेरे भागात याची शेती होते. धानासारखा चिखल करून त्यात गड्ड्याचे तुकडे लावतात आणि साधारण वर्षभराने काढतात. वनस्पतिशास्त्रात वेखंडाचे स्थान असे आहे की ज्वारी, ऊस, कांदा, केळ ही सगळी एकदल मंडळी ज्या वंशवृक्षावर बसतात, त्यातून सर्वांत आधी वेगळी झालेली जी फांदी आजही जिवंत आहे, ती वेखंडाची. एकदलांत इतक्या जुन्या फांदीवरचे दुसरे रोप परसात मिळणार नाही.

त्याच वेखंडाचा पट्टेरी प्रकार या पुस्तिकेत सर्वांत जास्त पाने घेतो. पातीचा एक अर्धा हिरवा आणि दुसऱ्या अर्ध्यावर दुधाळ पांढरा पट्टा, लुगड्याच्या काठासारखा. संध्याकाळी उजेड उतरू लागला की हिरवी झाडे काळवंडतात आणि ही पांढरी बाजू तेवढी उठून राहते. न्हाणीमागच्या कोपऱ्याला असा उजळपणा देणारे, चिखलात पाय रोवून उभे राहणारे आणि गुरेढोरे सहसा तोंड न लावणारे दुसरे रोप मला ठाऊक नाही.

वेखंडाच्या प्रवासाची कथाही सांगण्यासारखी आहे. सोळाव्या शतकात ते युरोपात पोहोचले. 1574 मध्ये व्हिएन्नात क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे ते इस्तंबूलहून आले होते. युरोपात पसरलेले हे वेखंड त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेले, त्यामुळे त्याला रुजणारे बीच धरत नाही. तरीही ते तिथल्या नदीकाठांवर आणि तळ्यांवर सर्वत्र पोहोचले, गड्ड्याचे तुकडे माणसांच्या हातून आणि पाण्याच्या ओढीने पुढे जात राहिले म्हणून. पट्टेरी रोपाला तर दुसरा मार्गच नाही. माणसाने गड्डा फोडून लावला तरच त्याचा पट्टा पुढे टिकतो.

इथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. वेखंडात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. आशियातल्या चतुर्गुणित वेखंडात त्याचे प्रमाण बरेच जास्त असते, उत्तर अमेरिकेतल्या द्विगुणित प्रकारात ते नसते. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ते घातक ठरल्यामुळे अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. बागेतले, तेही सांडपाण्यावर वाढलेले पट्टेरी वेखंड उगाळून कोणत्याही बाळाला चाटवू नका. बाळाला बोल लवकर फुटावेत म्हणून वेखंड देण्याची रीत घराघरात आहे, तिच्याबद्दलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. हे रोप डोळ्यांसाठी लावायचे आहे.

बाकीच्या रोपांविषयी इथे थोडक्यात. वेखंडाचाच वीतभर उंचीचा जपानी भाऊबंद सोनेरी पातीचा असतो. तो कुंडीत, सावलीत, सतत ओल्या मातीत छान राहतो, पण आपला मे महिना त्याला मुळीच सोसत नाही. त्याला पूर्वेच्या भिंतीचा आडोसा द्यायचा. अंब्रेला पाम नावाने रोपवाटिकेत मिळणारे लव्हाळ्याच्या कुळातले रोप सांडपाण्यावर जोरात वाढते. त्याचा पट्टेरी प्रकार दिसतो सुरेख, पण हिरव्यावर परत जाण्याची त्याला फार घाई. ओफिओपोगॉनची पांढऱ्या कडांची पात वाफ्याच्या काठावर, थोड्या कोरड्या बाजूला लावावी. तिथेच निशिगंधही लावता येईल. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गॅमा किरणांचा वापर करून निशिगंधाच्या ‘रजत रेखा’ आणि ‘सुवर्ण रेखा’ या पट्टेरी पानांच्या जाती काढल्या आहेत. पहिलीच्या पानाच्या मधोमध चंदेरी रेघ, दुसरीच्या कडांना सोनेरी. निशिगंधाला पाण्यात उभे करायचे नाही, वाफ्याच्या उंचवट्यावर ठेवायचे. थंड देशांतल्या बागांत तळ्याकाठी मिरवणारे पांढऱ्या पट्ट्यांचे रिबन गवत मात्र परभणीच्या उन्हात करपते. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पट्टेरी देवनळाबद्दल वेगळे बोलले पाहिजे. तो दिसतो देखणा आणि वाढतो दोन पुरुष उंच, पण त्याचे गड्डे अडवणे अवघड. शोभेसाठी आणलेली पाणथळ वनस्पती हाताबाहेर गेली की काय होते हे आपण रोज पाहतो. बेशरम ही मूळची अमेरिका खंडातली. काठाकाठाने लावली गेली आणि आज नाल्यांचे पात्र अडवून बसली आहे. जलपर्णी तिच्या निळ्या-जांभळ्या फुलांसाठी बंगालमध्ये आली आणि देशभरची तळी तिने झाकली. हराळी, कुंदा आणि लव्हाळा यांच्याशी ज्याने काळ्या रानात कुदळ घेऊन झुंज दिली आहे, त्याला गड्ड्याने पसरणाऱ्या रोपाची भीती समजावून सांगावी लागत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ज्या घराचे पाणी ओढ्याला, कॅनॉलला किंवा गोदावरीला मिळते तिथे देवनळ लावू नये, पट्टेरीही नाही.

लागवडीच्या रीती पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहेत. इथे फक्त आपल्या मातीपुरते आणि हवेपुरते. काळी माती कोरडी पडली की भेगाळते आणि मुळे तोडते, पण सतत ओली राहिली तर तीच वेखंडाला उत्तम मानवते. अडचण ओल खंडित होण्याची आहे. म्हणून पाण्याचा रोजचा हिशोब आधी पाहा: घरात रोज किती बादल्या पाणी न्हाणीतून बाहेर पडते, तेवढाच वाफा. फार मोठा वाफा करून तो एप्रिलमध्ये सुकू देण्यापेक्षा फुटक्या सिमेंटच्या कुंडीएवढा वाफा बारमाही ओला ठेवलेला बरा. खडीच्या थराखाली दोन-तीन बोटे पाणी पट्टेरी वेखंडाला पुरे. दोन रोपांत एक फूट अंतर. कच्चे शेण वाफ्यात घालू नका, पाणी नासते. धुण्याच्या सोड्याचे पाणी पहिल्या खड्ड्यातून कर्दळीकडे वळवा, पट्टेरी रोपांपर्यंत ते थेट जाऊ देऊ नका. बोअरच्या क्षारांनी पातीची टोके तपकिरी पडतात. पहिल्या जोरदार पावसात छपराच्या पन्हाळीचे पाणी वाफ्यातून वाहू दिले तर साठलेले क्षार बरेचसे धुतले जातात.

पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, म्हणजे तो भाग स्वतः अन्न तयार करत नाही आणि कडक उन्हात आधी तोच भाजतो. सकाळचे ऊन, दुपारनंतर सावली, एवढे तर हवेच. हिवाळ्यात परभणीचा पारा कधी कधी पाच अंशांखाली जातो, तेव्हा पाती थकतात, त्याची काळजी नको. खरी कसोटी वैशाखात. नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला येते, उन्हाळा अगदी माथ्यावर असताना. त्या दिवशी तुमच्या वाफ्यातल्या वेखंडाची मधली कोवळी पात हिरवी-पांढरी उभी असेल तर जागा बरोबर निवडली. कोंबासकट सगळे वाळले असेल तरी गड्डा उपटून टाकू नका. चिखल ओला असेल तर तो मृगात पुन्हा फुटतो. मृगानंतर मात्र जागा बदला.

आणखी एक काम नियमाने करायचे. पट्टेरी गड्ड्यातून अधूनमधून निखळ हिरवा कोंब निघतो. त्याच्याकडे हरितद्रव्य जास्त, म्हणून तो जोमाने वाढतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पट्टेरी पातींना दाबून टाकतो. पुष्कळांना वाटते आपले रोप बिघडले. बिघडलेले काही नसते, हिरवा कोंब वेळेवर काढलेला नसतो. तो दिसताच गड्ड्याच्या तुकड्यासकट उकरून काढा, नुसती पात कापून उपयोग नाही. याच्या उलट, कधी पूर्ण पांढरा कोंब येतो. तो मोहक दिसतो, पण स्वतःच्या बळावर जगू शकत नाही. वेगळा करून लावायला जाऊ नका.

रोप विकत घेतानाही डोळे आणि नाक दोन्ही वापरा. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून शोभेची रोपे महाराष्ट्रात येतात आणि रस्त्याकडेच्या विक्रेत्यापर्यंत पोहोचेस्तोवर नावाच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या असतात. पट्टेरी आयरिस हुबेहूब वेखंडासारखी दिसते. पातीचे टोक चुरगळून पाहा. सुगंध आला तर वेखंड, नाही आला तर दुसरेच काहीतरी. कुंडीतला एखादा हिरवा कोंब दाखवून विक्रेता “हापण पट्टेरी होईल” म्हणाला तर घेऊ नका, तो होणार नाही.

पोखर्णीत, परभणीत, गंगाखेडला, जिथे कुठे ही पुस्तिका वाचली जाईल तिथल्या वाचकांना शेवटी दोन विनंत्या. तिसऱ्या पावसाळ्यात गड्डा दाटला की तो फोडा, आपल्यापुरते ठेवा आणि बाकीचे तुकडे शेजारणीला, शाळेतल्या बागेला, माहेरी चाललेल्या लेकीला द्या. देताना हिरवा कोंब काढायचा आणि हे बाळाला उगाळायचे नाही, या दोन गोष्टी तोंडाने सांगा. आणि नको झालेले गड्डे ओढ्यात किंवा कॅनॉलमध्ये टाकू नका. ते दगडावर कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच उकिरड्यावर घाला.